आमरीची पैदास व निवड

फुलांच्या बाजारात येणारी बहुतेक ऑर्किडे, म्हणजेच आमरीची फुले, रानातून आलेली नसतात. दोन जातींचा संकर करून व त्यांच्या संततीतून निवड करून मनुष्याने ती निर्माण केलेली असतात. या कार्यात रोपवाटिकांप्रमाणेच हौशी बागवानांचाही मोठा वाटा आहे.

आमरीचा पहिला कृत्रिम संकर इंग्लंडात एक्झेटर येथील व्हीच यांच्या रोपवाटिकेत १८५६ साली फुलला. तो जॉन डॉमिनी या माळ्याने केला होता. परागीभवनाची रीत त्यास जॉन हॅरिस या शल्यवैद्याने दाखविली होती. पुढे सिंगापुरात ॲग्नेस जोकिम या बाईंनी आपल्या बागेत व्हँडाच्या दोन जातींचा संकर साधला. तेथील वनस्पति-उद्यानाचे प्रमुख हेन्री रिडले यांनी १८९३ साली त्याची नोंद केली. ‘व्हँडा मिस जोकिम’ हेच फूल १९८१ साली सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ठरले.

संकराची रीत

आमरीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर मिळून एकच स्तंभ बनलेला असतो. त्याच्या टोकास टोपीखाली परागाचे पुंज असतात व त्यांच्या खालच्या बाजूस चिकट खळगा असतो. मातृफुलातील पुंज प्रथम काढून टाकावेत व पितृफुलातील पुंज बारीक काडीने उचलून त्या खळग्यात ठेवावेत. देठास चिठ्ठी बांधून तीवर प्रथम मातेचे, नंतर पित्याचे नाव व तारीख लिहावी. बोंड पक्व होण्यास जातीनुसार काही महिने लागतात.

एका बोंडात हजारो, क्वचित लाखो बिया असतात. परंतु बी धुळीसारखे बारीक असून त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साहाय्यानेच ते रुजते. अमेरिकेतील लुईस नडसन यांनी १९२२ साली दाखवून दिले की, साखर व क्षार घातलेल्या निर्जंतुक माध्यमावर हे बी बुरशीवाचूनही रुजते. तेव्हापासून बाटलीत रोपे वाढविणे हौशी बागवानासही शक्य झाले.

खरी कसोटी निवडीची

एकाच बोंडातील रोपे एकसारखी नसतात. पहिले फूल येण्यास बहुधा तीन ते सात वर्षे लागतात; त्या एका बहरावरून निर्णय करू नये. सर्व रोपांस सारखे पाणी, सावली व खत देऊन दोन-तीन बहर पाहावेत. रोपाचा जोम, रोगास तोंड देण्याची शक्ती, दांड्यावरील फुलांची संख्या, त्यांचा घाट, रंग व टिकाऊपणा यांची वहीत नोंद ठेवावी. नंतर मोजकी उत्तम रोपे राखून बाकीची पैदाशीतून वगळावीत. इतक्या वर्षांच्या श्रमाने वाढविलेले रोप वगळणे जिवावर येते. पण सर्वच रोपे राखणाऱ्याच्या बागेत गर्दी वाढते, वाण सुधारत नाही.

निवडलेल्या रोपाचे गुण त्याच्या बियांतून जसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून त्याची वाढ गड्डे विभागून किंवा ऊतिसंवर्धनाने करतात. फ्रान्समधील जॉर्ज मोरेल यांनी १९६० साली ऊतिसंवर्धनाचा मार्ग दाखविला.

सह्याद्रीतील झाडांवर ‘सीतेची वेणी’ व इतर आमरी फुलतात. पैदाशीसाठी त्या रानातून ओरबाडून आणू नयेत; रोपवाटिकेतील नावानिशी मिळणारी रोपेच घ्यावीत. मातापित्यांची नावे माहीत असली, तरच चांगला संकर पुन्हा करता येतो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हौशी बागवानांस प्रथम नोंदवही ठेवण्यास सांगावे. सारखी निगा, अचूक नोंद व कठोर निवड हे तीन नियम ज्वारीचे बियाणे राखणाऱ्या शेतकऱ्यासही तितकेच उपयोगी आहेत.