‘गाडी निघतेय दादा, पण कोणतं ओवे?’

ओवे (ता. पनवेल) : पावसाळ्याची रात्र आहे असं समजा. गावठाणातल्या जुन्या घरात आजोबांना दरदरून घाम फुटलाय, छातीवर हात दाबून ते भिंतीला टेकलेत. नातू १०८ ला फोन लावतो. पलीकडून विचारणा होते, ‘कुठून बोलताय?’ पोरगा ओरडतो, ‘ओवे! बेगीन गारी पाठव!’ ‘ओवे म्हणजे नक्की कुठे?’ झालं, पोराचा पारा चढला. इथे आजा मरायला टेकलाय आणि ही बया पत्ता काय विचारत बसलीय!

खरं तर बाईंचा प्रश्न चुकीचा नाही. ओवे गाव वेगळं, ओवे कॅम्प वेगळा. तळोजा कारागृह कॅम्पाच्या बाजूला. भोवती सिडकोचे खारघरचे सेक्टर वाढत आलेत आणि मध्ये गावठाणाच्या गल्ल्या. २०१६ साली पनवेल महापालिका झाली, ओवे तिच्यात गेलं. तरी गावातला माणूस पत्ता सांगतो तो ‘देवळाच्या मागं, पिंपळाजवळ’ असाच. रुग्णवाहिकेच्या चालकाला सेक्टर सापडतो, पिंपळ सापडत नाही.

पण प्रश्न बरोबर असून भागत नाही. तो कोणत्या आवाजात आणि कशाच्या आधी विचारला, यावर पुढचं सगळं ठरतं. याचा एक जुना दाखला अमेरिकेतल्या डॅलस शहरातला. जानेवारी १९८४ मध्ये एका माणसाने सावत्र आईसाठी रुग्णवाहिका मागितली. फोनवर रुग्णांची छाननी करायला परिचारिका होती. तिने विचारलं, त्रास काय आहे? तो वैतागला, मला ते ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला फोन केला असता? त्याच्या तोंडून शिवी गेली. परिचारिकेला ती लागली आणि दोघांची शिवीवरूनच हुज्जत सुरू झाली. गाडी उशिरा निघाली, बाई वाचली नाही. परिचारिकेची नोकरी गेली, देशभर आरडाओरड झाली.

पुढे १९८८ मध्ये जॅक व्हॅलेन, डॉन झिमरमन आणि मॅरिलिन व्हॅलेन या समाजशास्त्रज्ञांनी त्या संभाषणाचा शब्द न् शब्द तपासला. दोघांपैकी एकाला वाईट ठरवून ते मोकळे झाले नाहीत. फोन करणाऱ्याला वाटत होतं, आपण मागणी केली, आता गाडी यावी. परिचारिकेला वाटत होतं, आधी उत्तरं, मग गाडीचा निर्णय. दोघं दोन वेगळी कामं करत होती, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आपल्या नातवाचंही तेच होतं. प्रश्न चाललेत म्हणजे गाडी उभी आहे, असं तो धरून चालतो.

म्हणून फोन घेणाऱ्याने गाडीला निरोप गेला असेल तर ते आधी सांगून टाकावं. ‘गाडी निघतेय दादा. मी विचारते म्हणून ती थांबलेली नाही.’ या एका वाक्याने निम्मा राग उतरतो. निरोप गेला नसेल तर मात्र खोटं सांगू नये. ‘गाडी कुठं पाठवू तेवढं सांगा’ म्हणावं. ‘शांत व्हा’ हे तर अजिबात म्हणू नये. घरात माणूस पडलाय, शांत कसं व्हायचं? उलट भडका उडतो. समोरचा ओरडला तर आपण आवाज खाली आणायचा, हळूहळू तोही खाली येतो. नाव विचारायचं, त्या नावाने हाक मारायची. एका वेळी एकच प्रश्न.

सॉल्ट लेक सिटीचे डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस फोन घेणाऱ्यांसाठी प्रश्नांची आणि सूचनांची ठरावीक पद्धत बसवली. तिच्यात एक साधी युक्ती शिकवतात. घाबरलेल्या माणसाला तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच सुरात पुन्हा पुन्हा सांगायचं, आणि कशासाठी तेही सांगायचं. ‘गाडी पोचायला पाहिजे म्हणून पत्ता सांगा.’ दोनदा, तीनदा, चारदा. शब्द बदलले की घाबरलेल्याला तो नवा प्रश्न वाटतो. हट्टी लेकराला आजी जशी एकाच सुरात समजावते, तसंच हे. मग हाताला काम द्यायचं : दार उघडा, ओटीवरचा दिवा लावा, कुणाला तरी नाक्यावर उभं करा. काम मिळालं की माणूस ओरडायचा थांबतो.

आता आपल्या मुलखाची गोष्ट. १०८ ची सेवा २०१४ मध्ये सुरू झाली, तिचं नियंत्रण केंद्र पुण्यात उभं राहिलं. पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका या सगळ्यांसाठी ११२ हा एकच क्रमांक राज्यात २०२१ पासून आला. त्याची केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला. म्हणजे ओव्यातली हाक विदर्भातल्या मुलीच्या कानावर पडू शकते. आगरी बोलीत ‘गाडी’ची ‘गारी’ होते, ‘पाणी’चं ‘पानी’, आणि अहो-जाहोची फार सवय नाही. ‘पाठव’ म्हणणारा पोरगा उद्धट नसतो, तो घरच्यासारखं बोलतो. ऐकणाऱ्या मुलीला हे ठाऊक नसेल तर तिला तो अपमान वाटणार, आणि डॅलसची गत व्हायला वेळ लागणार नाही. प्रशिक्षणात आगरी, मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणाऱ्यांचे आवाज ऐकवले पाहिजेत, असं आम्हाला वाटतं. खर्च तो किती?

फोन घेणाऱ्यांचीही बाजू आहे. मुकाट कॉल, खोटे कॉल, दारूच्या नशेतली बडबड, आणि मधूनच एक खरा. शिव्या ऐकून झाल्या की पाणी प्यायलाही उसंत नाही, दुसरा फोन वाजतोच. गाडी पुढे गेलेली असते, आजोबा वाचले की नाही हे पुष्कळदा त्या बाईंना कळतही नाही.

ओव्यापुरतं बोलायचं तर फोनजवळच्या भिंतीवर चार ओळी लिहून ठेवायला पैसे पडत नाहीत : गाव की कॅम्प, जवळचा सेक्टर, कोणत्या रस्त्याने आत यायचं, आणि ज्याला नाक्यावर उभं करायचं त्या शेजाऱ्याचा नंबर. रात्री त्याच्या हातात बॅटरी असावी. पावसात गल्लीच्या तोंडाशी हलणारा उजेड चालकाला लांबून दिसतो.