गोम नव्हे, पैसा

सकाळी सात. पिरंगुट सोडून टेमघरच्या घाटाला लागलो. डिकीत पंप, ड्रिल, जेलच्या ट्यूबा, हातमोजे, मास्क. लवासात कीडनियंत्रणाचं काम पावसाळ्यात निघालं की मी औषध कमी आणि फटी बुजवायचं सिलिकॉन जास्त घेतो.

साडेआठ, लवासातलं दासवे. वरसगावच्या पाण्याकाठच्या या रंगीत इमारती इटलीतल्या पोर्तोफिनोवर बेतल्या, पण पाऊस पडतो तो मुळशीचा. हे शहर उभारणारी कंपनी 2018 साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कितीतरी घरं अजून कुलपातच असतात. आत ओल, मागे डोंगर. किड्यांना आणखी काय हवं?

पहिलं घर तळमजल्यावरचं. "दादा, बाथरूमभर गोमी झाल्यात," म्हणत ताईंनी डबी पुढे केली. आत पैसा! डिवचलं की गोल वेटोळं करतो तो. चालताना पाहा : गोमीला प्रत्येक वळ्याला पायांची एक जोडी, पैशाला बहुतेक वळ्यांवर दोन. गोम चावते आणि चांगलीच आग होते. पैसा कुजलेला पाला खातो, चावत नाही. फार तर घाणेरड्या वासाचा स्राव सोडतो. त्याच्यावर औषध मारणं म्हणजे पैसे वाया घालवणं, कारण बाहेरच्या पाल्यातून उद्या दुसरे येतात. भिंतीलगतचा पाला ओढायला सांगितला, दाराखालची फट आणि पाइपाभोवतीची भोकं बुजवली, मोरीला बारीक जाळी लावली. "फवारणी नाही?" ताई जरा नाराजच.

अकरा. वरच्या बंद फ्लॅटची किल्ली वॉचमनमामांकडे, मालक मुंबईहून व्हिडिओ कॉलवर. खिडकीत पंखांचा सडा. मालक म्हणाले, मुंग्या. मुंगीचे पुढचे पंख मोठे, मागचे लहान आणि कंबर बारीक. हे चारही पंख सारखे, म्हणजे वाळवी. चौकटीवरची मातीची नळी थोडी फोडली, तर आतून पांढरट कामकरी धावले. वस्ती जिवंत. मग दुपार तिथेच गेली. भिंत आणि फरशीच्या सांध्यात फूटभर अंतरावर 12 मिलिमीटरची भोकं, प्रत्येकात साधारण लिटरभर द्रावण, वर सिमेंट. अगोदर पाण्याच्या आणि विजेच्या लाइनी शोधाव्या लागतात. खरा वेळ त्यातच जातो. जेवण दोनच्या पुढे गेलं.

साडेतीन, एक खानावळ. फ्रिजमागे फिकट तपकिरी, मानेवर दोन काळ्या रेघा असलेली बारकी झुरळं. ही जर्मन जात. मादी अंड्यांची पेटी पिल्लं निघेपर्यंत अंगालाच वागवते, एकेका पेटीत तीस-चाळीस अंडी. बिजागऱ्यांत आणि मोटरजवळ जेलचे ठिपके दिले. मालकाने सकाळीच स्प्रे मारलेला. स्प्रेच्या वासाने झुरळं जेलकडे फिरकत नाहीत, म्हणून ती जागा आधी पुसायला लावली.

सात. अंधार पडल्यावर जांभळा टॉर्च घेऊन कुंपणाच्या दगडांतून फेरी. अतिनील प्रकाशात विंचू हिरवट चमकतो. एक लाल विंचू चिमट्याने बरणीत घेतला. या जातीच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केला, तरी दवाखाना घाटापलीकडे आहे हे मी प्रत्येक घरी सांगतो. बूट झटकून घाला, सरपण भिंतीला टेकवू नका.

परतताना खानावळवाल्याचा फोन : "दादा, फरशी पुसू का?"

"पुसा. फक्त जेलच्या ठिपक्यांना हात लावू नका."