घरचें तेल आणि शेतकऱ्याचें डिझेल

डिझेलचा भाव चढला कीं गांवोगांवच्या बैठकींत एकच प्रश्न निघतो. मुंबईच्या समुद्रांत आपलेंच तेल निघतें, तर सरकार आणखी विहिरी कां पाडीत नाहीं? देश तेलाच्या बाबतींत स्वावलंबी झाला म्हणजे ट्रॅक्टरचें भाडें आपोआप उतरेल, असा या प्रश्नामागचा समज आहे. आमच्या कित्येक सभासदांनीं तो बोलून दाखविला, सबब या विषयाचा थोडा खुलासा करण्याचें आम्ही योजिलें आहे.

तेलाची विहीर आपल्याकडे नवी नव्हे. आसामांत दिग्बोई येथें १८८९ सालीं तेल लागलें व १९०१ सालीं तेथें शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर गुजराथेंत अंकलेश्वर येथें १९६० सालीं तेल सांपडलें. पुढें १९७४ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या पश्चिमेस सुमारें १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या तरत्या यंत्रमंचावरून समुद्रतळाखालील साठ्याचा शोध लागला, व १९७६ पासून तेथील तेल हातीं येऊं लागलें. योग मोठा बरा जुळला. कारण १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कांहीं महिन्यांतच तेलाचा भाव पिंपामागें सुमारें ३ डॉलरांवरून ११ डॉलरांच्या वर गेला होता.

आतां हिशेब पाहूं. १९८४-८५ सालीं देशांत सुमारें २.९ कोटी टन तेल निघालें, आणि खप चार कोटी टनांच्या आंत होता. २०२३-२४ सालींही उत्पन्न सुमारें २.९ कोटी टनच होतें. खप मात्र २३ कोटी टनांवर गेला. विहिरीचें पाणी तेवढेंच, आणि भिजवावयाचें रान सहापट! मध्यंतरी राजस्थानांत बाडमेरकडे २००९ सालीं व गोदावरी-कृष्णेच्या मुखापुढील खोल समुद्रांत २०२४ सालीं नवें तेल हातीं आलें खरें. परंतु मुंबईच्या समुद्रांतील साठा आतां जुना झाला असून, आंत पाणी दाबून उरलेलें तेल वर आणावें लागतें. म्हणजे नव्या विहिरींचा बराचसा लाभ जुन्यांची तूट भरण्यांतच जातो. शिवाय तेलाच्या शोधांतही आपल्या बोअरप्रमाणें कोरडी विहीर लागतेच, व तिचा खर्च बुडतोच.

बरें, तेल भरपूर लागलें असें क्षणभर धरून चालूं. तरी डिझेल स्वस्त होईल काय? १ एप्रिल २००२ पासून देशांत निघणाऱ्या तेलासही जगाच्या बाजारभावाच्या धोरणानेंच मोल मिळूं लागलें. आपल्या शेतांतील कापूस गांवच्या सरकीगिरणींत गेला म्हणून तो कोणी निम्म्या भावानें देत नाहीं, तसेंच हें. अमेरिकेचा दाखला तर डोळे उघडणारा आहे. तो देश आज जगांत सर्वांत अधिक तेल काढतो. तरी रशियानें युक्रेनवर स्वारी केल्यावर, जून २०२२ मध्यें, तेथील पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला ५ डॉलरांवर चढला. तेल घरचें, भाव जगाचा!

मग विहिरी पाडूंच नयेत काय? आमचें मत तसें नाहीं. १९९० सालीं इराकनें कुवेत घेतलें, तेलाचे भाव कडाडले, आणि १९९१ सालीं देशास परकीय चलनाकरितां सोनें परदेशीं तारण ठेवावें लागलें. घरचें प्रत्येक पिंप तेवढा प्रसंग टाळतें, आणि समुद्रांत व वाळवंटांत विहिरी अवश्य पाडाव्या. हा लाभ देशाच्या तिजोरीचा आहे. आमच्या इंजिनाच्या टाकीचा नव्हे, इतकेंच आमचें म्हणणें.

पिकाऊ जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. आसामांत तिनसुकिया जिल्ह्यांतील बाघजान येथें २७ मे २०२० रोजीं विहिरींतून वायु उसळला, ९ जूनला आग लागली, आणि ती विहीर पुरती बंद होण्यास नोव्हेंबर उजाडला. आसपासच्या हजारों लोकांस घरें सोडावीं लागलीं. त्याच वर्षीं तामिळनाडूनें कावेरीच्या मुखाकडील भातशेतीचा मुलूख संरक्षित ठरवून तेथें तेलाच्या नव्या विहिरींस बंदी केली. या बंदीस आम्ही हट्ट म्हणणार नाहीं.

महाराष्ट्रांत आमच्या वाचकांच्या दारांत विहिरीपेक्षां नळ येण्याचा संभव अधिक. १९६२ च्या कायद्यानें तेलाच्या नळाकरितां जमिनीच्या पट्ट्याचा वापरहक्क घेतला जातो. मालकी खातेदाराकडेच राहते व पीकही घेतां येतें. मात्र त्या पट्ट्यांत घर बांधणें, विहीर खणणें, झाड लावणें मना आहे. पिकाच्या नुकसानीखेरीज या हक्काबद्दल बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला मिळतो. हरकत घेण्यास मुदत अवघी २१ दिवसांची.

आमची सारी नोकरी महसूल दप्तरांत गेली. एका खातेदारानें अशी नोटीस न वाचतांच पेटींत ठेविली. त्याची योजिलेली विहीर नेमकी त्या पट्ट्यांत होती. तो कचेरींत आला तेव्हां मुदत टळून बारा दिवस झाले होते. वेळीं अर्ज पडता, तर नळाची ओळ बांधाकडे सरकविण्याचा विचार तरी झाला असता. नंतर त्यानें विहीर दुसऱ्या टोकास खणली. तेथें पाणी कमी लागलें. नोटीस हातीं येतांच तींतील गट क्रमांक व पट्ट्याची रुंदी मोजणीच्या नकाशावर ताडून पाहावी, हरकत लेखी द्यावी व पोंच घ्यावी. काम उरकल्यावर सात-बाराच्या इतर हक्कांच्या रकान्यांत काय नोंद पडली, तेंही एकवार वाचावें.