वृत्तालेख : कापसाच्या गाठीतले दोष कसे दाखवायचे आणि कसे वाचायचे?

दहावीच्या सांख्यिकीत आपण वृत्तालेख काढायला शिकतो. कोनमापक लावला, पाकळ्या रंगवल्या, की गुण मिळाले. पण तो नीट वाचता येतो का? आज आपल्या बोदवडकडचं उदाहरण घेऊ. दिवाळीच्या आसपास कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात. तिथे सरकी वेगळी होते आणि रुई दाबून साधारण १७० किलोची एक गाठ बांधतात. या गाठींचे नमुने तपासले की दोष सापडतात.

समजा, एका महिन्यात असे २४० दोष नोंदले गेले (आकडे सरावासाठी घेतले आहेत) :

पाला-कचरा – ९६
जास्त ओलावा – ६०
पिवळी, डागी रुई – ४०
सरकीचे तुकडे – २८
प्लास्टिकचे व इतर परके धागे – १६

आधी एक काळजी घ्या

एकाच गाठीत कचराही असेल आणि ओलावाही असेल, तर काय मोजायचं? गाठी मोजल्या तर ती गाठ दोन गटांत जाईल आणि बेरीज चुकेल. म्हणून इथे आपण गाठी नाही, दोष मोजले आहेत. प्रत्येक दोष एकाच गटात आला पाहिजे.

आकृती काढणे

केंद्रीय कोन = (त्या घटकाची संख्या ÷ एकूण संख्या) × ३६०

पाला-कचरा : (९६ ÷ २४०) × ३६० = १४४°
ओलावा : ९०°
पिवळी रुई : ६०°
सरकीचे तुकडे : ४२°
परके धागे : २४°

बेरीज करून बघा, बरोबर ३६०° येते. आली नाही तर आकृती काढायला बसू नका, आधी चूक शोधा. मग वर्तुळ काढा, एक त्रिज्या आखा आणि तिथून एकेक कोन मोजत चला. आकृतीखाली 'एकूण दोष : २४०' हे लिहायला विसरू नका. का, ते पुढे कळेल.

आकृती वाचणे

सर्वांत मोठी पाकळी पाला-कचऱ्याची, ४० टक्के. म्हणून सगळं लक्ष तिकडेच द्यायचं का? थांबा. पाल्याचा बराचसा भाग जिनिंगमधल्या सफाई यंत्रात निघतो. पण नायलॉनच्या पोत्याचा धागा कापसात गेला, की यंत्रात त्याचे बारीक तुकडे होऊन रुईभर पसरतात. पुढे कापड रंगवताना तो धागा रंग धरत नाही आणि कापडावर डाग दिसतो. म्हणजे २४° ची सर्वांत लहान पाकळी सर्वांत महाग पडू शकते! उपाय मात्र साधा आहे : वेचणीला सुती ओटी आणि भरायला सुती कापड. पाकळी किती मोठी, हे दोषाची संख्या सांगते. त्याने होणारं नुकसान ती सांगत नाही.

आता पुढचा महिना. समजा, एकूण दोष १२० झाले आणि त्यात पाला-कचरा ६०. कोन येतो १८०°, म्हणजे अर्धं वर्तुळ! नुसती आकृती पाहणारा म्हणेल, "कचरा वाढला." प्रत्यक्षात तो ९६ वरून ६० वर आला. बाकीचे दोष त्याहून जास्त कमी झाले, म्हणून पाकळी फुगलेली दिसते.

लक्षात ठेवा, वृत्तालेख वाटा दाखवतो, आकडा दाखवत नाही. म्हणूनच एकूण संख्या खाली लिहायची. आणि हे दोष किती गाठी तपासून मिळाले, तेही लिहिलं तर दोन महिन्यांची तुलना खरी होईल. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ मध्ये असे वर्तुळ छापले, तेव्हापासून ही आकृती जगभर वापरतात. पण फसवणूक होते ती घाईने वाचल्यामुळे.

तुमच्यासाठी गृहपाठ : घरी कापूस असेल तर वेचलेल्या एका ओटीतून मूठभर कापूस घ्या. त्यात पानाचे तुकडे, कवडी, धागे, केस किती निघतात ते मोजा आणि वृत्तालेख काढा. मग घरच्यांना विचारा, "यातल्या कोणत्या पाकळीमुळे आपला भाव कमी होतो?" उत्तर वहीत लिहून आणा.