ख्रिस्ताच्या तोंडचे वाक्य

ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबरी लिहिणाऱ्याची एक अडचण इतर ऐतिहासिक कादंबरीकारांना सहसा जाणवत नाही. शिवकाळावर लिहिणारा लेखक महाराजांच्या तोंडी संवाद घालतो आणि ते प्रसंगाला शोभणारे असतील तर वाचक आनंदाने स्वीकारतो. ख्रिस्ताचे बोलणे मात्र चार शुभवर्तमानांत नोंदलेले आहे. श्रद्धावान वाचकाने ते लहानपणापासून ऐकलेले असते आणि त्याच्या लेखी ते देववचन असते. त्यात लेखकाने पदरचे एक वाक्य घातले तरी वाचक अडखळतो. ख्रिस्त दाखवायचा का, दाखवला तर त्याने बोलायचे का, आणि बोलला तर कशाच्या आधारावर, हे प्रश्न या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी आहेत. ल्यू वॉलेसची ‘बेन-हर’ (१८८०), हेन्रिक सिएन्केविचची ‘क्वो वादिस’ (१८९६) आणि शुसाकू एंदोची ‘चिन्मोकु’, म्हणजे ‘मौन’ (१९६६), या तीन कादंबऱ्यांनी त्यांची तीन वेगळी उत्तरे दिली. वाचकांच्या आयुष्यात या पुस्तकांनी जे घडवले, त्याचा त्या उत्तरांशी जवळचा संबंध आहे.

त्याआधीच्या इंग्रजी कादंबऱ्यांत हे प्रश्न बाजूलाच राहिले होते. चार्ल्स किंग्जलीने १८५३ साली पाचव्या शतकातल्या अलेक्झांड्रियावर ‘हायपेशिया’ लिहिली. तिच्यातला कॅथॉलिकविरोधी सूर उघड होता. लगोलग कार्डिनल वाइजमनची ‘फॅबिओला’ (१८५४) आणि जॉन हेन्री न्यूमनची ‘कॅलिस्टा’ (१८५५) आली. आद्य ख्रिस्ती समाजाचा इतिहास तेव्हा दोन पंथांच्या वादाचे मैदान झाला होता. अशा पुस्तकांनी आपापल्या बाजूच्या वाचकांना बळ दिले, पण दुसऱ्या बाजूच्या माणसाला हलवण्याची ताकद त्यांच्यात कमीच होती.

वॉलेस या वादात नव्हता. तो कोणत्याही चर्चचा सभासद नव्हता. इंडियाना राज्यातला हा वकील अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढला. एप्रिल १८६२ मधल्या शायलोच्या लढाईत त्याची तुकडी रणांगणावर उशिरा पोहोचली आणि त्याचा ठपका त्याला आयुष्यभर पुसता आला नाही. १८७३ च्या सुमारास त्याने पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांची गोष्ट लिहायला घेतली होती, तीही एखाद्या मासिकाला द्यावी एवढ्याच हेतूने. १८७६ मध्ये इंडियानापोलिसला जाताना आगगाडीत त्याची रॉबर्ट इंगरसॉल या नामांकित अज्ञेयवादी वक्त्याशी गाठ पडली. देव, स्वर्ग, ख्रिस्ताचे देवत्व यांवर इंगरसॉल बोलत राहिला आणि वॉलेस ऐकत राहिला. या विषयांवर आपल्याला मान्य करण्याइतके किंवा नाकारण्याइतकेही काही ठाऊक नाही, याची वॉलेसला शरम वाटली. धर्मशास्त्राचे ग्रंथ चाळण्याऐवजी त्याने गोष्ट पुढे वाढवली आणि ख्रिस्तजन्मापासून क्रूसापर्यंतचा काळ कादंबरीत आणायचे ठरवले.

पॅलेस्टाइन त्याने पाहिलेले नव्हते. गावे, डोंगरांची उंची आणि अंतरे दाखवणारा नकाशा समोर ठेवून तो लिहीत होता. प्राचीन जहाजे आणि वल्ही यांची माहिती काढण्यासाठी त्याने वॉशिंग्टन आणि बॉस्टनची ग्रंथालये पालथी घातली. क्रॉफर्ड्सविल या आपल्या गावी तो एका बीच झाडाखाली बसून लिहीत असे. १८७८ मध्ये न्यू मेक्सिको प्रांताचा गव्हर्नर म्हणून नेमणूक झाल्यावर टोळीयुद्धे आणि बिली द किडसारखे गुन्हेगार यांचा दिवसभराचा व्याप आवरून सांता फेच्या जुन्या राजवाड्यात रात्री दिव्याच्या उजेडात त्याने शेवटचे भाग पुरे केले. एवढे कष्ट घेऊनही एक मोठी चूक राहिली. रोमन आरमारात वल्ही मारणारे सहसा स्वतंत्र, पगारी लोक असत. बेड्या घालून वल्ह्याला जुंपलेला कैदी हे चित्र फार पुढच्या काळातल्या भूमध्य समुद्राचे आहे. पण ‘बेन-हर’ने आणि तिच्यावरच्या चित्रपटांनी ते इतके रुजवले की आज रोमन गलबत म्हटले की लोकांना तेच आठवते. लोकप्रिय कादंबरी इतिहासाची आवड लावते तशी तिची चूकही घरोघर पोहोचवते. म्हणूनच या प्रकारात लिहिणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते.

ख्रिस्ताविषयी वॉलेसने स्वतःला एक नियम घालून घेतला होता. येशूच्या तोंडी शुभवर्तमानांत नसलेला एकही शब्द येणार नाही. हा नियम सर्वांत चांगला दिसतो तो नासरेथच्या विहिरीपाशी. छपराचे सैल कौल सुभेदाराच्या मिरवणुकीवर पडले, एवढ्यावरून तरुण यहूदा बेन-हरला गलबतावर पाठवले जात आहे. तहानेने त्याचा जीव कासावीस झाला आहे. सुताराचा मुलगा पुढे होतो, खांद्यावर हात ठेवतो, पाणी पाजतो. तो काहीच बोलत नाही, आणि पहाऱ्यावरचे सैनिकही त्याला अडवत नाहीत. बेन-हर पुढची अनेक वर्षे सूडाच्या मागे असतो. अँटिओकच्या रथशर्यतीत तो आपला वैरी मेसाला याला धुळीला मिळवतो, मसीहाला राजा करण्यासाठी गुप्तपणे सैन्यही उभारतो. शेवटी क्रूसाखाली उभे राहिल्यावर त्याला कळते की हा राजा त्या तलवारींचा नाही. ख्रिस्ताच्या वाट्याला कादंबरीतली मोजकीच पाने येतात, तरी सगळ्या घटना त्याच्याकडेच सरकत राहतात. वॉलेसची रथशर्यत जगभर गाजली, पण कादंबरीकार म्हणून त्याचे खरे कौशल्य या संयमात आहे.

१२ नोव्हेंबर १८८० रोजी हार्पर अँड ब्रदर्सने पुस्तक काढले. पहिल्या सात महिन्यांत जेमतेम अठ्ठावीसशे प्रती गेल्या. मग खप वाढत गेला आणि १८८९ पर्यंत चार लाखांवर पोहोचला. त्या काळी अनेक प्रॉटेस्टंट घरांत कादंबरी वाचणे हलके समजले जाई. ज्या घरांत बायबल आणि पंचांग यांपलीकडे पुस्तक नव्हते, तिथेही ‘बेन-हर’ शिरली. १९१३ मध्ये सीअर्स रोबक या टपालाने माल पाठवणाऱ्या कंपनीने तिच्या दहा लाख प्रती एकदम मागवल्या. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना ती इतकी आवडली की त्यांनी वॉलेसला राजदूत म्हणून तुर्की सुलतानाच्या दरबारी पाठवले. तिथे असताना वॉलेसने अखेर यरुशलेम पाहिले.

वाचकांची पत्रे येत राहिली. इलिनॉय राज्यातल्या एका वाचकाने कळवले की या पुस्तकामुळे त्याची दारू सुटली आणि तो श्रद्धेकडे वळला. १८९४ मध्ये क्रॉफर्ड्सविलमध्येच ‘ट्राइब ऑफ बेन-हर’ नावाची परस्पर साहाय्य संस्था निघाली. सभासदांना विम्याचे संरक्षण देणाऱ्या या संस्थेत स्त्रियांनाही प्रवेश होता. १८९९ मध्ये कादंबरी रंगभूमीवर आली. येशूचे काम कोणा नटाने करायचे नाही, ही वॉलेसची अट मान्य झाल्यावरच त्याने परवानगी दिली होती. त्यामुळे रंगमंचावर ख्रिस्ताच्या जागी प्रकाशाचा झोत येई. शर्यतीसाठी फिरत्या पट्ट्यांवर खरे घोडे धावत. एरवी नाटकगृहाची पायरी न चढणारे लोकही हे नाटक पाहायला गेले. परिणाम स्वतः लेखकावरही झाला होता. लिहिता लिहिता आपण श्रद्धावान झालो, असे वॉलेसने पुढे नमूद केले.

सिएन्केविचची परिस्थिती निराळी होती. तो जन्मापासून कॅथॉलिक होता, पण त्याला देश नव्हता. १७९५ पासून पोलंड रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी वाटून घेतला होता. ‘क्वो वादिस’ १८९५ मध्ये क्रमशः छापून येऊ लागली ती वॉर्सा, क्राकोव्ह आणि पोझनान अशा तीन शहरांतल्या वर्तमानपत्रांतून. ही शहरे तीन वेगवेगळ्या साम्राज्यांत होती. नकाशावरून पुसलेल्या देशाचे वाचक एकाच सुमारास एकच गोष्ट वाचत होते.

नीरोच्या दरबारासाठी त्याने टॅसिटस आणि स्वेटोनियस बारकाईने वाचले. रसिकतेचा निवाडा करणारा पेट्रोनियस त्याला टॅसिटसकडूनच मिळाला. इसवी सन ६४ मध्ये रोमला लागलेल्या आगीबाबत मात्र त्याने इतिहासाची अनिश्चितता ठेवली नाही. आग लागली तेव्हा नीरो अँटियमला होता आणि ती कोणी लावली हे टॅसिटसनेही ठामपणे सांगितलेले नाही. कादंबरीत आगीचा हुकूम नीरोचाच आहे. नायिका लिजिया ही ज्या लिजियन जमातीची राजकन्या, तिचा प्रदेश पुढे पोलंड झाला असे वाचक मानत. रिंगणात जर्मन रानबैलाच्या शिंगांना बांधलेल्या लिजियाला सोडवण्यासाठी तिचा राखणदार उर्सुस त्या बैलाची मान पिरगाळतो. हा प्रसंग वाचताना पोलिश माणसाला आपलाच देश डोळ्यांपुढे दिसला असेल तर नवल नाही.

ख्रिस्ताच्या वाक्याबाबत सिएन्केविचने मधला मार्ग काढला. छळाच्या दिवसांत पेत्र रोम सोडून निघतो आणि आपिया मार्गावर त्याला ख्रिस्त भेटतो, ही कथा बायबलमध्ये नाही. ती दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या ‘पेत्राची कृत्ये’ या अप्रमाण ग्रंथातली आहे. चर्चने ग्रंथ स्वीकारला नाही, पण कथा जपली. त्या जागी आजही छोटे चॅपेल आहे. ते सिएन्केविचला हेन्रिक सिएमिराद्स्की या पोलिश चित्रकाराने दाखवले होते. लेखकाने स्वतःचे वाक्य ख्रिस्ताच्या तोंडी घातले नाही, लोकस्मृतीने घातलेले तेवढे उचलले. ते ऐकून पळणारा पेत्र मागे वळतो, हे पोलिश वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. पन्नासहून अधिक भाषांत गेलेल्या या कादंबरीने १९०५ मध्ये नोबेल मिळण्याआधीच सिएन्केविचला जगभर पोहोचवले होते. आज त्या चॅपेलमध्ये त्याचाही अर्धपुतळा आहे.

लॉइड डग्लस या अमेरिकन पाळकाच्या ‘द रोब’चा (१९४२) उल्लेखही हवा, कारण ती वाचकामुळेच जन्माला आली. क्रूसाखाली सैनिकांनी चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या येशूच्या झग्याचे पुढे काय झाले, असे ओहायोतल्या एका वाचक बाईने पत्राने विचारले होते. डग्लसने तिच्या त्या कुतूहलातून कादंबरी रचली आणि ती तिलाच अर्पण केली.

शुसाकू एंदोपर्यंत आल्यावर सूर पालटतो. १९२३ साली टोकियोत जन्मलेला एंदो आईवडिलांच्या घटस्फोटानंतर आईबरोबर कोबेला आला आणि अकरा-बाराव्या वर्षी, आईच्या इच्छेने, त्याचा स्नानसंस्कार झाला. हा धर्म म्हणजे आईने अंगावर चढवलेला, मापात न बसणारा पाश्चात्त्य पोशाख आहे, असे तो म्हणे. तो टाकूनही देता येत नव्हता. क्षयामुळे १९६० नंतर त्याला दीर्घ काळ रुग्णालयात काढावा लागला आणि फुप्फुसांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्या आजारपणानंतर त्याने ‘मौन’ लिहिली.

कादंबरीला कारण झाले नागासाकीतले एक ‘फुमिए’. ख्रिस्ताची किंवा मरियेची प्रतिमा असलेला हा धातूचा पत्रा लाकडी फळीत बसवलेला असे. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी असताना संशयितांनी त्यावर पाय द्यायचा. जो देईल तो सुटे, जो कचरेल तो ख्रिस्ती ठरे. एंदोने पाहिलेल्या फुमिएच्या लाकडावर पायांच्या बोटांचे काळे ठसे उमटलेले होते. ज्यांनी पाय दिला नाही त्यांची नावे चर्चने जपली. ज्यांनी दिला, त्यांचा एवढाच पुरावा मागे राहिला. त्यांच्या मनात त्या क्षणी काय होते, हे कोणत्याही दप्तरात मिळणार नव्हते. इतिहासकार जिथे थांबतो तिथे कादंबरीकाराचे काम सुरू होते, हे विधान बरेचदा सैलपणे केले जाते. इथे ते अक्षरशः खरे आहे.

जपानच्या रक्तसाक्ष्यांच्या यादीत वसईचेही नाव आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रूसावर चढवले गेले. त्यांत वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन बंधू गोन्सालो गार्सिया होते. दुभाष्या म्हणून ते जपानला गेले होते, आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. कादंबरीतले तरुण जेझुइट धर्मगुरूही लिस्बनहून गोव्यामार्गे मकावला आणि तिथून जपानला जातात. १६१४ च्या बंदीनंतर, विशेषतः १६३७-३८ च्या शिमाबारा बंडानंतर, जपानमध्ये शिरणे म्हणजे मृत्यूच्या दारी जाणे होते.

कादंबरीला खऱ्या माणसांचा आधार आहे. क्रिस्तोव्हांव फेरेइरा हा जपानमधला ज्येष्ठ जेझुइट. १६३३ मध्ये त्याला खड्ड्यात उलटे टांगण्यात आले आणि काही तासांनी त्याने धर्म सोडला. त्याच्या मागून गेलेला ज्युझेप्पे क्यारा १६४३ मध्ये पकडला गेला, त्यानेही धर्म नाकारला आणि १६८५ मध्ये तो एडोत वारला. क्यारावरून एंदोने कादंबरीचा नायक रॉड्रिगो उभा केला. रचनाही दप्तरासारखी आहे: आरंभी इतिहासाची नोंद, मग रॉड्रिगोची पत्रे, मग तृतीयपुरुषी निवेदन, शेवटी डच वखारीतल्या कारकुनाची आणि अधिकाऱ्याची रोजनिशी. बोलणारा रॉड्रिगो हळूहळू दुसऱ्यांच्या कागदांतली एक नोंद होऊन बसतो.

रॉड्रिगो स्वतःचा छळ सोसायला तयार असतो. पण त्याने पाय दिल्याशिवाय खड्ड्यात टांगलेले शेतकरी सुटणार नाहीत, असे त्याला सांगण्यात येते. तो फुमिएपुढे उभा राहतो आणि पायांखाली झिजलेला पत्र्यावरचा ख्रिस्त त्याला तुडवायला सांगतो. हे वाक्य शुभवर्तमानांत नाही, दंतकथेत नाही, ते एंदोचे आहे. वॉलेसने जो उंबरठा ओलांडला नाही तो एंदोने जाणूनबुजून ओलांडला. तो त्याला ओलांडता आला, कारण त्याआधीच्या प्रत्येक पानावर त्याने काळ आणि स्थळ काटेकोर राखले होते, आणि वारंवार धर्म सोडून वारंवार पापनिवेदनाला परत येणाऱ्या किचिजिरोसारख्या दुबळ्या माणसाला कुठेही हिणवले नव्हते.

कादंबरीला तानिझाकी पारितोषिक मिळाले, तसा अनेक जपानी कॅथॉलिकांचा रोषही पत्करावा लागला. ज्या भूमीवर एवढे लोक मेले तिथे धर्मत्यागाला ख्रिस्ताची संमती दाखवणे त्यांना क्लेशकारक वाटले, आणि ती वेदना समजण्याजोगी आहे. एंदोने अपेक्षिला नसेल असा वाचकवर्गही तिला मिळाला. युद्धापूर्वी पोलिसी दडपणाखाली साम्यवाद्यांना आपली मते जाहीरपणे सोडावी लागली होती. त्या इतिहासाचे ओझे वाहणाऱ्या डाव्या विद्यार्थ्यांनी रॉड्रिगोच्या पराभवात आपल्या आधीच्या पिढीची कहाणी वाचली. विल्यम जॉन्स्टन या जेझुइटाच्या १९६९ च्या इंग्रजी अनुवादाने ती जपानबाहेर नेली. सोतोमे या गुप्त ख्रिस्ती लोकांच्या जुन्या परिसरात २००० साली एंदोच्या नावाचे साहित्य-संग्रहालय उघडले.

१९८८ मध्ये ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ या चित्रपटावरून वादळ उठले असताना न्यूयॉर्कचे एपिस्कोपल बिशप पॉल मूर यांनी त्याचा दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीला ‘मौन’ची प्रत दिली. तिच्यावरचा चित्रपट करायला त्याला पंचवीसहून अधिक वर्षे लागली. तो २०१६ मध्ये पुरा झाला. रॉड्रिगोचे काम करणाऱ्या अँड्र्यू गारफील्डने तयारी म्हणून जेम्स मार्टिन या जेझुइट धर्मगुरूंच्या मार्गदर्शनाखाली संत इग्नेशियसची आत्मिक साधना पूर्ण केली.