हळदीच्या लढ्यापासून गावाच्या नोंदवहीपर्यंत

गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत दरेकसा हे गाव वसले आहे. हाजरा धबधबा आणि गोंड समाजाचे श्रद्धास्थान असलेले कचारगड ही दोन्ही स्थळे याच परिसरात आहेत. अशा वनप्रदेशात कोणती साल, कोणते मूळ कोणत्या दुखण्यावर चालते, हे जाणणारी वडीलधारी मंडळी असतात. त्यांचे ज्ञान बहुतांशी मुखोद्गत असते. आणि जे लिहिलेले नाही, ते एकस्व कार्यालयांच्या दृष्टीस सहसा पडत नाही.

हळदीचा धडा

एकस्व म्हणजे पेटंट. नव्या शोधावर शोधकाला ठराविक मुदतीपुरता दिलेला हा अनन्य अधिकार होय. भारतात ही मुदत २० वर्षांची आहे. अर्जातील गोष्ट आधीपासून ज्ञात असेल, तर एकस्व मिळू शकत नाही. १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरून आणण्याच्या हळदीच्या गुणावर एकस्व देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्यास आव्हान दिले आणि जुन्या ग्रंथांतील व नियतकालिकांतील पुरावे सादर केले. १९९७ मध्ये ते एकस्व रद्द झाले. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट सिद्ध करण्यासाठीही कागद शोधावे लागले, हा त्यातील धडा होय.

त्यातूनच २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाच्या संगणकीय ग्रंथालयाचे कार्य सुरू झाले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध आदी ग्रंथांतील योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश व जपानी भाषांत आणून वर्गवार लावण्यात आले. २००९ पासून युरोपीय एकस्व कार्यालयाच्या परीक्षकांना ते करारान्वये पाहता येऊ लागले.

संगणकबुद्धीचे कार्य

पूर्वी परीक्षक नेमका शब्द घालून शोध घेत. ‘टर्मरिक’ असे शोधले, तर ‘हरिद्रा’ हाती लागत नसे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली शब्दांचे रूपांतर आकड्यांच्या मालिकांत करतात. अर्थाने जवळचे मजकूर त्यामुळे एकमेकांजवळ येतात, मग भाषा वेगळी का असेना. अर्जाचा वर्ग सुचविणे, भाषांतर करणे, मिळत्याजुळत्या जुन्या नोंदी क्रमाने पुढे ठेवणे ही कामे त्या करतात. लाखो अर्जांचे एकत्र पृथक्करण केल्यास कोणत्या क्षेत्रात संशोधन वाढत आहे, हेही कळते. मात्र यंत्र चुकीचे साम्यही दाखवू शकते. म्हणून अंतिम निर्णय परीक्षकाचाच असावा लागतो. शिवाय जे कोठेच नोंदलेले नाही, ते यंत्रालाही सापडत नाही.

गावाची जबाबदारी

येथेच ग्रामपंचायतीचे महत्त्व लक्षात येते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असते. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे या समितीचे प्रमुख काम होय. वनस्पतीचे स्थानिक नाव, गोंडी नाव, शास्त्रीय नाव, वापरला जाणारा भाग व ऋतू अशी नोंद काळजीपूर्वक झाली, तर पुढे तिचा पुरावा म्हणून उपयोग होऊ शकेल.

नोंदीत धोकाही आहे. गावाचे ज्ञान विनाअट सर्वांसमोर ठेवले, तर त्यावर सुधारणा करून दुसराच कोणी लाभ घेण्याचा संभव असतो. यास्तव माहिती सांगणाऱ्याची संमती आधी घ्यावी आणि कोणता भाग गोपनीय ठेवावयाचा, हे त्यालाच ठरवू द्यावे. मे २०२४ मध्ये जिनिव्हा येथे संमत झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही एकस्वाच्या अर्जात जनुकीय साधनांचा व पारंपरिक ज्ञानाचा उगम उघड करण्याचे तत्त्व स्वीकारले आहे.

ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व सदस्य यांनी गावातील जाणत्यांसोबत बसून हे काम हाती घ्यावे. एक जाणती व्यक्ती गेली की तिच्याबरोबर न लिहिलेले ज्ञानही जाते. ते परत मिळवून देणारे यंत्र अद्याप निर्माण झालेले नाही.