कोयता, म्यान आणि चार मीटर दोरी : कार्यानुभवाचा एक पाठ



सातवीच्या वर्गात "घरातली अवजारं" असा विषय चालू होता. फळ्यावर विळी, खुरपं, पाना, पक्कड अशी नावं येत होती. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आमच्या घरी कोयता आहे." लगेच दोघं-तिघं ओरडले, "गँग, गँग!" सगळा वर्ग हसला आणि तो मुलगा मान खाली घालून बसला.

आपल्या पिंपरी-चिंचवड, चाकण, आळंदी भागात गेल्या काही वर्षांत "कोयता" हा शब्द बातम्यांमधून आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंमधूनच मुलांच्या कानावर पडतो. त्यामुळे त्यांना तो हत्यार वाटतो, यात नवल नाही. पण पालकसभेला त्या मुलाचे वडील आले तेव्हा सहज म्हणाले, "मी आन् ही, आमी दोघं मिळून एक कोयता व्हतो मॅडम."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला "एक कोयता" म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतली जाते तीही कोयत्यावर. एकटा माणूस असेल तर "अर्धा कोयता". बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. म्हणजे ज्या शब्दावर वर्ग हसला, तो त्या घराच्या भाकरीचा शब्द होता.

तेव्हा ठरवलं, या अवजाराचा पाठ घ्यायचाच. मात्र कोयता चालवायचा नाही. तो सुरक्षित कसा न्यायचा, हे शिकायचं. कारण शेतात जाताना उघडा कोयता सायकलच्या हँडलला अडकवणं, गवताच्या भाऱ्यात खोचणं किंवा काखेत धरणं, हे सगळं आपण रोज बघतो.

आपल्याकडे आधीपासून काय आहे?

कोकणात आणि गोव्यात माणूस माडावर चढतो किंवा रानात जातो तेव्हा कोयता कमरेला मागे "आकडी"त अडकवतो. आकडी म्हणजे खाच असलेला लाकडाचा ठोकळा, दोरीने कमरेला बांधलेला. दोन्ही हात मोकळे राहतात. कर्नाटकातल्या कोडगू भागात रुंद पात्याची "ओडिकत्ती" अशीच पाठीमागे पितळी अडकणीत घालतात. तिला "तोडंग" म्हणतात.

आणि आळंदीत राहणाऱ्यांना दुसरं उदाहरण शोधायला लांब जायला नको. पालखीच्या वाटेवरचा मृदंगवाला बघा. पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर तो मृदंग अंगावर घेऊन चालतो, वाजवतोही. मृदंगाला बारीक सुतळी नसते, रुंद पट्टा असतो. का, ते पुढे बघू.

साहित्य

- सुती दोरी, करंगळीएवढी जाड (साधारण 8 मि.मी.), 4 मीटर
- जुन्या धोतराची किंवा साडीची पट्टी, 4 सें.मी. रुंद
- म्यान
- वर्गासाठी कोयत्याऐवजी लाकडी पट्टी आणि जाड पुठ्ठ्याचं म्यान

नायलॉनची दोरी मजबूत असते, पण गुळगुळीत असल्याने तिची गाठ सरकते. सुती दोरीची गाठ घट्ट बसते, म्हणून नवशिक्यांना सुतीच द्या.

खऱ्या कोयत्याचं म्यान मोठ्या माणसांनीच करायचं. जाड चामडं किंवा भंगारात मिळणारा जुना मशीनचा पट्टा चांगला. पात्याची आकृती कागदावर काढा आणि चारी बाजूंनी 3 सें.मी. जास्त धरून दोन तुकडे कापा. धारेच्या बाजूला दोन तुकड्यांमध्ये त्याच पट्ट्याची एक अरुंद चिंधी घालून मग शिवा. म्हणजे धार शिवणीवर न घासता त्या चिंधीवर टेकते. खाली एक बारीक भोक ठेवा, पाणी निघून जायला. ज्या कोयत्याचं टोक फार आत वळलेलं असतं तो अशा म्यानात सरळ जात नाही. त्याला आकडीच बरी.

म्यानाला एकूण चार भोकं पाडा. तोंडाशी दोन कडांना दोन, आणि त्याखाली साधारण 15 सें.मी.वर आणखी दोन. सगळी भोकं शिवणीच्या बाहेर. आत पाडली तर पातं आत-बाहेर होताना दोरी कापेल.

कृती

1. दोरीचे दोन भाग करा. सुमारे अडीच मीटर खांद्यासाठी, दीड मीटर कमरेसाठी. मुलांनी स्वतःच्या अंगावर मोजून घ्यावं, प्रत्येकाचं माप वेगळं येतं.

2. खांद्याच्या दोरीचं एक टोक वरच्या एका भोकातून दोनदा ओवा. मग त्याच टोकाने लांब दोरीभोवती एकामागून एक दोन आळे घालून घट्ट ओढा. चार बोटं शेपूट शिल्लक ठेवा. ही निरगाठ, आपोआप सुटता कामा नये.

3. दोरी उजव्या खांद्यावरून तिरकी घेऊन म्यान डाव्या बाजूला आणा (डावखुऱ्यांनी उलट). म्यानाचं तोंड कमरेच्या थोडं वर आणि सरळ आभाळाकडे हवं. उंची जमली की दुसरं टोक वरच्या दुसऱ्या भोकाला तसंच बांधा. दोरी गळ्यात माळेसारखी घालायची नाही. फांदीत अडकली तर फास बसतो.

4. कमरेची दोरी खालच्या एका भोकातून मागून पुढे काढा, म्यानाच्या पुढून न्या आणि दुसऱ्या भोकातून परत मागे घाला. आता कमरेला बांधताना दोरी म्यानाला अंगाशी दाबून धरते. इथे मात्र सुरगाठ. शेपूट ओढलं की क्षणात सुटली पाहिजे.

5. मुठीसाठी वरच्या भोकात बारीक दोरीचं एक कडं बांधा. ते मुठीवरून ओढून घ्यायचं, म्हणजे वाकलं तरी अवजार बाहेर घसरत नाही.

6. खांद्यावर येणाऱ्या भागाला कापडाची पट्टी सपाट बसवून शिवा.

तपासणी : लाकडी पट्टी घालून वाका, उकिडवे बसा, वीस पावलं पळा. म्यान हाताने उलटं करून हलवा. पट्टी पडली तर कडं सैल आहे. म्यान हेलकावे खात असेल तर कमरेची दोरी आवळा.

वर्गात काय विचाराल?

*कमरेची दोरी कशाला?* म्यान नुसतं खांद्यावरून लटकलं तर ते लंबकासारखं झुलतं. खाली दुसरा आधार मिळाला की झुलणं थांबतं. मुलांना आधी एकाच दोरीवर चालायला लावा, उत्तर त्यांचं तेच देतील.

*पट्टी रुंद का?* वजन तेवढंच, पण 8 मि.मी.ऐवजी 40 मि.मी. रुंदीवर पसरलं, तर क्षेत्रफळ पाचपट आणि दाब एक पंचमांश. मृदंगाचा पट्टा इथे आठवतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र दप्तराच्या पट्ट्यालाही लागू आहे.

*एक गाठ निरगाठ, दुसरी सुरगाठ का?* जिथे भार पेलायचा तिथे न सुटणारी, जिथे जीव वाचवायचा तिथे पटकन सुटणारी.

पालकांसाठी महत्त्वाचं

ही दोरी शेतात आणि बांधावर वापरण्यासाठी आहे, रस्त्यावर मिरवण्यासाठी नाही. शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधन आहे आणि शेती वा घरकामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली वेळोवेळी जमावबंदी आणि शस्त्रबंदीचे आदेश निघतात. अवजार शेतीचं असलं तरी ते कुठे, कधी आणि कशासाठी बाळगलं, हे बघितलं जातं. म्हणून गावातून नेताना कोयता म्यानात, म्यान पोत्यात गुंडाळून न्या आणि दोरी शेतात पोचल्यावर चढवा. दुचाकीवर अंगाला बांधून बसू नका. मुलांच्या हाती कोयता देऊन पाठवू नका. शाळेत तर पातं आणायचंच नाही. घरी आल्यावर पातं पुसून, तेलाचा हात फिरवून, म्यानाबाहेर उंचावर ठेवा. ओल्या म्यानात गंज चढतो.

आमच्या वर्गात ही दोरी सर्वांत आधी कोणी पूर्ण केली, ओळखा. त्याच मुलाने. सुरगाठ त्याला घरूनच येत होती. ज्यांनी "गँग" म्हणून हाक मारली होती, ते त्याच्याभोवती गोळा झाले, "आम्हाला पण दाखव ना" म्हणत. मी माफी मागायला लावली नाही. त्या तासाला त्याची गरज उरली नव्हती.

शेवटी वहीत एक वाक्य लिहायला सांगितलं होतं : कोयता म्हणजे काय? त्याने लिहिलं, "माझे आई-वडील."

आपल्या वर्गातही करून बघा. दोन तासिका पुरतात.